मलई तीन

खाजणवाडीच्या मच्छी मार्केटात चोवीस दिवे आहेत. प्रत्येक दिव्याच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटने आकडा घातलेला आहे. हे आकडे रत्नपाल मोरे यांच्या हातचे.

मोरे वीज मंडळातले वायरमन. तेहेतीस वर्षं खांबावर चढले आणि एकदाही पडले नाहीत. रिटायर झाल्यावर ग्रामपंचायतीने मार्केटचे दिवे त्यांच्या गळ्यात घातले. दुसरा कुणी असता तर गेलेला दिवा बदलला असता आणि घरी जाऊन झोपला असता. मोऱ्यांनी वही घातली.

मच्छी विकणाऱ्या बाईला नुसता उजेड पुरत नाही. तिला उजेडाचा रंग लागतो. गिऱ्हाईक आधी पापलेटाचं अंग बघतं, मग कल्ला उचकटून आतली लाली बघतं. दिवा निळा झाला की लाली काळवंडते. दिवा पिवळा झाला की सकाळी होडीतून उतरलेलं पापलेट संध्याकाळी कालचं दिसतं. मग बाईच्या तोंडून शिवी निघते, आणि ती काही दिव्याला नसते.

जुना बल्ब एक तर जळायचा नाही तर जायचा. एलईडीचं तसं नाही. तो जात नाही, बदलतो. इतका हळू, की रोज बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मोऱ्यांना ते आधी कळायला हवं होतं. कुठला दिवा, कुठल्या बाजूला, कधी.

त्यासाठी त्यांनी फळ्यांची एक पेटी केली. मध्ये आडवी फळी, दोन कप्पे. एका कप्प्यात वर दिवा, खाली पांढऱ्या कापडाची घडी. दुसरा कप्पा खिडकीकडे उघडा. त्यात दिवसाच्या उजेडात रंगांचं कार्ड. कार्ड बोर्ली पंचतनच्या रंगवाल्याकडून आणलेलं, भिंतीचे पांढरे रंग दाखवणारं. पांढरा एक, पांढरा दोन, पांढरा तीन, मग मलई एक, मलई दोन, मलई तीन. दिव्याखालचं कापड ज्या रंगाशी जुळेल तो त्या दिव्याचा आकडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला, मार्केटच्या बर्फाच्या खोलीत हे चालायचं. आकडा वहीत जायचा, वहीतून आलेखाच्या कागदावर. ठिपक्यांना पट्टी लावून मोरे पुढे रेघ ओढायचे. रेघ जिथे पोचेल तो महिना दिव्याचा शेवटचा.

कागद त्यांनी आधी वापरून पाहिला होता. समुद्राच्या हवेत तो चार महिन्यांत तांबूस झाला. फरशीचा तुकडा चकाकायचा. मग त्यांच्या बायकोने, प्रज्ञाताईंनी, एका जुन्या पांढऱ्या साडीचा हातभर तुकडा कापला आणि कडा दुमडून शिवून दिला. ही साडी त्या बुद्धपौर्णिमेला विहारात नेसत. "कापड बरं," मोरे तेव्हा म्हणाले होते. "धुतलं की परत नवं."

पहिल्या खेपेच्या दिव्यांबद्दल त्यांनी सांगितलं होतं, शिमग्याच्या आधी निळे पडतील. आतली पिवळी पूड मेली की निळा उजेड उघडा पडतो. लोक हसले. शिमग्याला आठ दिवस असताना मार्केट निळंशार झालं. तेव्हापासून खाजणवाडीत मोऱ्यांचा शब्द म्हणजे शब्द. बायका भाव करता करता विचारायच्या, "मोरेभाऊ, माझा दिवा कवापावेतो?" मोरे वही न उघडता सांगायचे.

दुसरी खेप तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आली. आठ महिने रेघ सरळ होती. पांढरा दोन, पांढरा दोन, पांढरा दोन. आणि मग ती कलायला लागली, पिवळ्याकडे.

त्याच जूनमध्ये प्रज्ञाताई गेल्या. ताप आला, मुरुडला नेलं, तिथून अलिबागला, आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. मुलगी प्राप्ती कामोठ्याला असते. ती म्हणाली, पप्पा, आमच्याकडे चला. मोरे म्हणाले, रविवारी रीडिंग आहे.

घरात मग बोलायला कुणी राहिलं नाही. वहीत मात्र दर महिन्याला काहीतरी घडत होतं. पांढरा तीन. मलई एक. मलई दोन. रेघ खाली यायची तसा मोऱ्यांचा दिवस भरायचा. त्यांनी कारणही शोधलं. खाऱ्या हवेत दिव्यावरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आठव्या महिन्यापासून. पट्टी लावून त्यांनी सांगून टाकलं, यंदा गणपतीत सगळे चोवीस मलई तीनवर येणार. मलई तीनला पापलेट खपत नाही.

सरपंच गणराज यांनी पनवेलच्या पुरवठादाराला वहीची झेरॉक्स पाठवली. दिव्यांना पाच वर्षांची हमी होती. तिकडून विनेश नावाच्या माणसाचा फोन आला, तोही थेट मोऱ्यांना.

"मोरेसाहेब, असं रेकॉर्ड आमच्या लॅबकडे पण नाही हो. तीन वर्षं, एक महिना खाडा नाही. आम्ही तपासायला माणूस पाठवतच नाही. चोवीसच्या चोवीस बदलून देतो."

मोरे फोन ठेवून बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग उठून आत गेले. आत कुणाला सांगायचं होतं ते आठवलं, आणि परत ओट्यावर आले.

ग्रामपंचायतीने पंधरा ऑगस्टला त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द. दोन शब्द लिहायचं काम निकेतकडे आलं. निकेत ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, त्यामुळे गावातले सगळे अर्ज त्याच्या हाताखालून जातात. मोऱ्यांचं आणि त्याचं जमायचं. दुपारी दोघं टपरीवर चहा घ्यायचे आणि फारसं बोलायचे नाहीत.

"काका, तुमच्याबद्दल काय लिहू?"

"दिवे लावले, लिही."

"एवढंच?"

"लावले आणि बघितले."

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. विनेशने एक फॉर्म पाठवला होता, त्यात एक रकाना उरला होता. त्याच खेपेतला, कधीही न पेटवलेला एखादा दिवा शिल्लक असल्यास त्याचं रीडिंग. शिल्लक होता. बर्फाच्या खोलीतल्या कपाटात, सीलबंद खोक्यात, तीन वर्षं. मोऱ्यांनी खोका फोडला, दिवा पेटीत बसवला, आणि कापडाकडे पाहिलं.

मलई दोन.

त्यांनी चष्मा पुसला. दिवा काढून परत बसवला. दिव्यावरचं प्लॅस्टिक काढून खिडकीशी धरलं. ते काचेसारखं स्वच्छ होतं. परत बघितलं. मलई दोन.

न पेटलेला दिवा पिवळा पडत नाही. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पेटीत तीनच गोष्टी होत्या. दिवा, कार्ड, कापड. दुसऱ्या दिवशी ते एसटीने बोर्लीला गेले, रंगवाल्याकडून नवं कार्ड आणलं, जुन्याशी लावून पाहिलं. दोन्ही सारखी. जुनं कार्ड बिस्किटाच्या डब्यात अंधारात होतं, त्याला काही झालेलं नव्हतं. कापडावर त्यांनी संशय घेतलाच नाही. कापड तर धुतलेलं होतं.

दुपारी ते मार्केटात पायरीवर बसले, कापड मांडीवर घेऊन. मार्केट रिकामं होतं. एकटी धोंडूबाई आपला गाळा धूत होती. धोंडूबाई सत्तरीची, चव्वेचाळीस वर्षं त्याच गाळ्यावर बसलेली. गावात सरपंचाला एकेरीत हाक मारणारी ती एकटी.

"काय रं रतनपाल, फडकं घेऊन बसलास? लादी पुसतोस काय माझी?"

"ह्याच्यावर दिवे बघतो मी, धोंडूआत्या."

"ह्याच्यावर?" तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि कापड दोन बोटांत धरून उजेडात नेलं. "ह्ये पांढरं म्हनतोस तू?"

"धुवून आणलंय कालच."

"धुतलंयस, न्हाय कोन म्हनतं? पर नीळ? नीळ कोन घालतं तुझ्याकडं?"

धोंडूबाईला तोंडातून गेल्यावर कळलं. तिने कापड परत त्यांच्या मांडीवर ठेवलं, नीट घडी घालून. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाली, "ऊठ आता तिथनं. पानी सोडायचंय मला. बापय मानूस, मधीच बसतंय."

मोरे घरी आले ते सरळ मोरीत गेले. फळीवर निळीची बाटली होती. तळाला वाळून तडकलेली. दोन वर्षं ती तिथेच होती, त्यांच्या डोळ्यांसमोर. तिच्या शेजारची साबणाची वडी संपली की ते नवी आणायचे, पावडर संपली की पावडर आणायचे. बाटलीला हात लावायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं.

प्रज्ञाताई पांढरे कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना बादलीत थोडी नीळ टाकत. किती, ते त्यांनी कधी मापलं नाही. मोऱ्यांच्या सदऱ्यांबरोबर, उशीच्या अभ्र्यांबरोबर हा हातभर तुकडाही त्या पाण्यातून निघायचा. महिन्यामागून महिना, सारखाच.

त्यांनी दुकानातून नवी बाटली आणली. बादलीत पाणी घेतलं, चार थेंब टाकले, कापड बुडवलं, दोरीवर घातलं. वाऱ्याने ते तासाभरात सुकलं. बर्फाच्या खोलीत जाऊन सात नंबरचा दिवा लावला. पांढरा एक. नीळ जास्त झाली होती. साध्या पाण्यातून एकदा काढलं, सुकवलं, पुन्हा लावलं.

पांढरा दोन.

अकरा नंबर लावला. पांढरा दोन. अठरा लावला. पांढरा दोन. न पेटलेला लावला. तोही पांढरा दोन. तीन वर्षांत दिवे तसूभर हलले नव्हते.

मग त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. बादलीत दोन थेंब जास्त टाकले की दिवा निळा. कमी टाकले की पिवळा. आता त्यांना हवा तो आकडा काढता आला असता.

ते खाली लादीवर बसले आणि वही उघडली. जून. जुलै. दोन्हीकडे पांढरा दोन. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा त्यांनी लिहिलं होतं, 'किंचित बदल, बहुधा नजरेचा भास.' सप्टेंबरात, 'भास नाही.' डिसेंबरात, 'बदलाचा वेग नियमित.' ते अक्षर त्यांचं होतं. तो वेग कशाचा होता ते आता त्यांना दिसत होतं. प्रज्ञाताईंची नीळ दर महिन्याला स्वतःच्या हाताने धुऊन, पिळून, त्यांनी काढून टाकली होती, आणि मग तो बदल बसून नीट मोजला होता. खाडा न करता.

खोलीत बर्फ वितळून पाणी त्यांच्या पायजम्याखाली आलं तेव्हा ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत गणराज, निकेत आणि वार्डातले दोन मेंबर होते. टेबलावर शालीचं पाकीट होतं. मोऱ्यांनी खुर्ची घेतली नाही.

"दिवे चांगले आहेत," ते म्हणाले. "पनवेलला कळवा. माझं चुकलं."

गणराज हसले. "काय चुकलं?"

"रीडिंग. दिवे पिवळे नाहीत. माझं कापड पिवळं होतं."

"भाऊ, पण बायका पण म्हणतात ना पिवळे झाले म्हणून? गेल्या महिन्यात किती तक्रारी आल्या."

"मी सांगितलं म्हणून त्यांना दिसायला लागले."

एका मेंबरने खिडकीबाहेर बघितलं. गणराजांनी आवाज खाली आणला. ते वाईट गृहस्थ नव्हते. गाव चालवायचं तर डोकं कुठे खाजवायचं आणि कुठे नाही हे त्यांना कळत होतं.

"मोरेभाऊ, बसा आधी. हे बघा. कंपनी काय म्हणते? देतो. आपण काय म्हणतो? घेतो. ह्यात कुणाचं काय गेलं?"

"दिवे चांगले आहेत."

"चांगलेच आहेत हो! नवीन आणखी चांगले. तुम्ही फक्त गप्प बसा. शुक्रवारी शाल घ्या, घरी जा."

"शाल कशाची?"

"अहो, भाकिताची."

"ते खोटं निघालं."

"कुणाला माहीत आहे?"

मोऱ्यांनी जरा विचार केला. खरंच कुणाला माहीत नव्हतं. धोंडूबाईला निळीचं माहीत होतं, पण त्यामुळे वहीतले आकडे चुकले हे तिला ठाऊक नव्हतं. ते गप्प बसले असते तर शुक्रवारी मार्केटात टाळ्या झाल्या असत्या. पुढची दहा वर्षं बायकांनी विचारलं असतं, मोरेभाऊ, माझा दिवा कवापावेतो. घरी जायच्या आधी दोन माणसांनी थांबवलं असतं. एवढंच त्यांच्याकडे होतं, आणि ते सगळं त्या वहीवर उभं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

गणराजांनी शालीचं पाकीट बाजूला सारलं. "बरं. मग लेखी द्या. तोंडी मी काय सांगू पनवेलवाल्याला? आमच्या मोऱ्यांचं धुणं चुकलं म्हणून?"

मेंबर हसले. एकाने "निरमा घाला, भाऊ" असंही म्हटलं. गणराजांना आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण ते मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. मेंबरही त्यांच्यामागे गेले. जाता जाता दारातून गणराज म्हणाले, "कारणासकट द्या हं. कारणाशिवाय अर्ज लागत नाही."

खोलीत निकेत आणि मोरे राहिले.

"सांगा काका, मी टाइप करतो."

"नको. कागद दे."

निकेतने प्रिंटरमधला कोरा कागद दिला. मोऱ्यांनी टेबलाच्या कोपऱ्याला बसून लिहायला घेतलं. 'प्रति' आणि 'विषय' पटकन झाले. विषयात त्यांनी लिहिलं, मच्छी मार्केटमधील दिव्यांच्या रंगाबाबतचा अंदाज रद्द करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून. इथपर्यंत हात चालला. पुढे 'कारण' लिहून त्यांनी दोन ठिपके दिले आणि पेन थांबलं.

प्रज्ञाताईंच्या मृत्यूचा दाखला प्राप्तीच्या नवऱ्याने काढला होता. पेन्शनच्या कागदावरचं नाव बँकेतल्या बाईने कमी केलं होतं. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी अध्यक्ष बोलले होते. दोन वर्षांत मोऱ्यांनी स्वतः ते वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, लिहिलं तर मुळीच नव्हतं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, मी एकटाच असतो.

निकेत कीबोर्डवर काहीतरी बडवत राहिला. स्क्रीनवर काही उमटत नव्हतं.

वीस मिनिटांनी मोऱ्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. निकेतने वाचला.

'कारण : दिव्यांचा रंग तपासण्यासाठी मी जे पांढरे कापड वापरतो ते माझी पत्नी प्रज्ञा रत्नपाल मोरे ही निळ घालून धूत असे. ती दि. १९ जून २०२३ रोजी वारली. त्यानंतर कापडास निळ घातली गेली नाही. कापड दर महिन्यास पिवळे होत गेले. तो बदल मी दिव्यांचा समजून नोंदविला. दिव्यांत दोष नाही. कंपनीचा दोष नाही. नोंदी माझ्या हातच्या असून त्या दिव्यांबाबत ग्राह्य धरू नयेत.'

खाली सही. आर. एल. मोरे, सेवानिवृत्त.

निकेतने आजवर या गावाचे शेकडो अर्ज दुरुस्त केले होते. त्याने कागद परत एकदा वरून खालपर्यंत वाचला. 'निळ' दोन्ही वेळा ऱ्हस्व होती. त्याचं पेन खिशातून अर्धं बाहेर आलं आणि तिथेच राहिलं.

"काका," तो म्हणाला, "कंपनीला जाईल हा कागद. काकींचं नाव ठेवायचं?"

"ठेव. कारण तेच आहे."

निकेतने आवक रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, विषय उतरवला. अर्ज फाइलला लावला. मोरे उठले नाहीत.

"झालं, काका."

"पोच?"

"पोच हवी?"

"अर्ज दिला की पोच घ्यावी," मोरे म्हणाले. "मंडळातली सवय."

निकेतने अर्जाची झेरॉक्स काढली. शिक्का उचलून पॅडवर दाबला. पॅड सुकलेलं होतं, शिक्का अर्धाच उठला. त्याने पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटाने पसरले, आणि दुसऱ्यांदा नीट दाबून मारला. मोऱ्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून शिक्क्यावरचं अक्षर वाचलं. मिळाले, असं होतं. खाली तारीख.

शाई ओली होती. ती सुकेपर्यंत ते कागद आडवा धरून तिथेच बसून राहिले.